एक काळा, एक पांढरा

आईने पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता. "एक काळा, एक पांढरा. यात निवडायचं काय गं?"

मी नुकत्याच दोन फळ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या. प्लायवूडच्या, दोन फूट बाय दोन फूट, प्रायमर लावून वर रंगाचे दोन-दोन हात दिलेल्या. एक गडद निळी, दिवेलागणीनंतर थोडा वेळ आभाळ असतं तशी. दुसरी पिवळ्या मातीची, पण फिकी, उन्हात वाळलेल्या गवतासारखी. यात काळा कुठला आणि पांढरा कुठला? मला वाटलं, आईला या विषयात रसच नाही, म्हणून ती दोन शब्दांत मला वाटेला लावते आहे. वाईट वाटलं. मधली खोली आम्हा दोघींची. दिवसभर ती खिडकीशी खुर्ची ओढून बसते, रात्री त्याच खुर्चीत मी वाचत बसते. रंगही दोघींना पटेल असाच हवा होता.

खरं सांगायचं तर मला निळाच हवा होता, आणि आजचा नाही, कित्येक वर्षांपासूनचा. रात्री एकच दिवा लावून वाचताना फिक्या भिंती मधेमधे करतात. पुस्तकावर पडलेला उजेड त्या उचलून सगळीकडे पसरवतात, मग समोरचं कपाट दिसतं, त्यावरचा पसारा दिसतो, उद्याची कामं आठवतात. गडद भिंत असं करत नाही. ती मागे सरते आणि उजेड पानावरच राहू देते. पिवळा मी आणला तो आईच्या दुपारसाठी.

शेडकार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, एलआरव्ही. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड भिंत परत देते त्याचं ते माप. शून्य म्हणजे सगळा गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परत करणारा पांढरा. माझ्या निळ्याचा आकडा होता ८, पिवळ्याचा ६४. आठपट फरक, एवढंच मला आधी कळलं होतं. पण खोलीत उजेड एकदाच भिंतीला लागून थांबत नाही, एका भिंतीवरून दुसरीवर जातो. पिवळ्या खोलीत दुसऱ्या भिंतीवरून परतताना शंभरातले जवळजवळ एकेचाळीस भाग शिल्लक असतात. निळ्या खोलीत एक भागसुद्धा उरत नाही. खिडकी तीच, दिवा तोच, आणि खोल्या मात्र दोन वेगळ्या. रंगाचं नाव वाचायच्या आधी हा आकडा वाचावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

याच येण्याजाण्यामुळे आणखी एक गोष्ट होते, आणि ती हातात धरून बघता येते. फिक्या पिवळ्या रंगाचं कार्ड मधोमध दुमडा आणि पुस्तकासारखं अर्धवट उघडं धरा. घडीच्या आत, जिथे दोन्ही बाजू एकमेकींसमोर येतात, तिथे तोच पिवळा जास्त पिवळा दिसतो. उजेड एका बाजूवरून दुसरीवर उडताना दर खेपेला त्यातला थोडा निळा भाग कमी होतो आणि पिवळेपण साठत जातं. चार भिंतींचं तेच. कार्डावर जो सौम्य वाटतो तो खोलीभर लावला की अंगावर येतो. मला सगळ्यात आवडलेला पिवळा मी म्हणूनच आणला नाही. त्याच पट्टीवरचा एक घर फिका आणला.

आमच्याकडे काम करायला येणारे पेंटरदादा फळ्यांकडे बघून एवढंच म्हणाले, "पिवळ्याला दोन हात पुरतील. या निळ्याला तीन धरा, आणि खाली करडा प्रायमर मारू." गडद रंग जास्त झाकत असेल असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात उलटं असतं. भिंत झाकायचं मुख्य काम टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी पूड करते, आणि गडद रंगाच्या बेसमध्ये ती नसते किंवा नावालाच असते. शिवाय खुर्ची घासली, नख लागलं, की निळ्यावर पांढुरकी रेघ उठते. घासकाम आणि लांबी त्यांनी आधीच उरकली होती, त्यामुळे खोली तेव्हापासून प्रायमरवरच थांबलेली होती.

फळ्या महिनाभर तशाच राहिल्या. मी त्यांची जागा बदलत राहिले. सुरुवातीला दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तुलना करायची तर शेजारीच ठेवणार ना! पण शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलून टाकतात. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेला रसायनतज्ज्ञ मिशेल शेवरोल याच्याकडे तक्रार आली होती की तिथला काळा रंग कच्चा आहे, निळ्याजांभळ्या कापडात घातला की फिका पडतो. त्याने तपासलं तर काळा धागा चांगलाच होता. त्याला फिकं पाडत होते ते शेजारचे रंग, तेही बघणाऱ्याच्या डोळ्यात. या एका प्रश्नामागे लागून त्याने १८३९ साली रंगांच्या या परस्परविरोधाचा नियमच मांडला. माझ्या फळ्यांचंही तसंच चाललं होतं. निळ्याशेजारी पिवळा उगाच नारिंगीकडे झुकत होता आणि पिवळ्याशेजारी निळा आहे त्याहून निळा दिसत होता. मी त्यांना खोलीच्या दोन टोकांना नेलं आणि एका वेळी एकच बघायची सवय लावून घेतली. तेव्हा कुठे दोघांचे खरे चेहरे दिसू लागले.

खरे तरी कसे म्हणू? सकाळी नऊला पिवळा दुधाळ असायचा, दुपारी तीनला त्यात ऊब यायची. संध्याकाळी २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावला की तो पेटल्यासारखा व्हायचा, आणि त्याच दिव्याखाली निळा विझायचा, कारण त्या उजेडात मुळात निळं फारसं नसतंच. मग मी ६५०० केल्विनचा पांढरा दिवा लावून बघितला. निळा परत आला, पण पिवळ्याचा पिवळट झाला.

हा पिवळसर आणि पिवळट यांतला फरक ज्याला कळतो त्याला शेडकार्डाची भाषा वेगळी शिकावी लागत नाही. आपल्याकडे रंगाच्या शब्दाला नुसतं शेपूट जोडलं की छटा हलते. निळसर म्हणजे निळ्याकडे झुकणारं, आणि झुकणं बरं वाटणारं. तांबूस तर जवळजवळ कौतुकाने म्हणतात. पण पिवळट, काळपट, हिरवट म्हटलं की काहीतरी बिनसलं आहे, उतरलं आहे. रंग तोच, आपल्याला तो कसा लागला तेवढं त्या शेपटातून कळतं. फळ्यांसमोर उभी राहून मी हे शब्द पुटपुटत असायचे. सकाळी 'सर', रात्री 'ट'. ज्या दिव्याखाली आपण खरोखर बसणार आहोत त्याच दिव्याखाली रंग 'सर' ठरला पाहिजे, दुकानातल्या दिव्याखाली ठरून उपयोग नाही.

माझं मन या दिवसांत फळ्यांच्या आतही शिरत असे. पिवळी माती म्हणजे लोखंडाचा, पाणी धरून बसलेला गंज. भाजली की पाणी निघून जातं आणि ती गेरूसारखी तांबडी होते. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत, सुमारे एक लाख वर्षांपूर्वी, माणसांनी अशी रंगीत माती कुटून समुद्री शिंपल्यांत कालवली होती. ते शिंपले सापडले आहेत. आज डब्यातला पिवळा कारखान्यात बनतो, पण द्रव्य तेच, लोखंड आणि प्राणवायू. निळ्याची कुळकथा अगदी वेगळी. शतकानुशतकं उत्तम निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेल्या लाजवर्द दगडाची पूड, म्हणजे श्रीमंतांपुरती गोष्ट. आणि आता रंगाच्या यंत्रातून थेंबाथेंबाने पडतो तो बहुतेक वेळा फ्थॅलोसायनिन नावाचा कृत्रिम निळा, १९३५ साली बाजारात आलेला. एक रंग माणसाच्या सगळ्यात जुन्या ओळखीतला आणि दुसरा माझ्या आजीपेक्षाही वयाने लहान. हे दोघे आमच्या मधल्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते, याचं मला खरंच अप्रूप वाटायचं.

पण मी सगळ्यात जास्त वाट बघायचे ती संध्याकाळची, दिवा लावण्याआधीच्या पंधरा-वीस मिनिटांची.

निळ्या फळीजवळच्या दिवाणावर एक लाल अभ्र्याची उशी असते. दिवसा बघावं तर उशी भडक, फळीपेक्षा उजळ. उजेड उतरायला लागला की आधी दोघी बरोबरीला येतात. मग उशीचा लाल तपकिरी होतो, मग काळा. फळी मात्र तशीच थांबते. उशी पूर्ण काळी झाल्यावरही ती काही वेळ मंद दिसत राहते, दिवसा तिच्यात नव्हता असा धुरकट उजेड धरून. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने पहाटे फिरायला गेल्यावर हेच फुलांत पाहिलं होतं, १८१९ च्या सुमारास. उन्हात पानांपेक्षा उठून दिसणारी लाल फुलं पहाटे पानांपेक्षा काळी दिसत होती. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. दंडपेशींना निळंहिरवं चांगलं उमगतं, लाल जवळजवळ नाहीच. म्हणजे गडद निळी खोली संध्याकाळी अचानक बुडत नाही. फर्निचरमधला तांबडेपणा आधी जातो, भिंती मागे रेंगाळतात. निळ्याच्या बाजूने माझ्याकडे यापेक्षा मोठं कारण नव्हतं.

मी आईला रोज बोलवायचे. "ये ना, बघ, उशी काळी झाली, फळी अजून निळी आहे."

ती यायची. माझ्याशेजारी उभी राहायची. "मला तर दोन्ही काळ्याच दिसतात. दिवा लाव बाई, धडपडशील."

मला ते नकाराचंच एक रूप वाटत राहिलं. तिला निळा नको आहे आणि तसं तोंडावर सांगायचं नाही, अशी माझी समजूत. मग मीही आग्रह करायचे, आकडे सांगायचे. ती ऐकून घ्यायची.

कळलं ते एका बटणामुळे. माझ्या गडद निळ्या शर्टाचं बटण तुटलं होतं, तिने दुपारी बसून लावून ठेवलं. तिची शिलाई आजही बघत राहावी अशी, चार भोकांतून फुली, मागे गाठ दिसतसुद्धा नाही. पण दोरा काळा. डब्यात निळ्या दोऱ्याचं रीळ काळ्याच्या शेजारीच होतं. मी दोन्ही रिळं तिच्या हातात दिली आणि विचारलं, "यातलं निळं कुठलं?" तिने खिडकीकडे धरून पाहिली, लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. मग म्हणाली, "दोन्ही काळी आहेत की."

ती दोन रिळं तिच्या तळव्यावर मी कितीतरी वेळ बघत राहिले.

मोतीबिंदू या शब्दामुळे माझ्या डोक्यात काहीतरी पांढरं, दुधी होतं. नेत्रतज्ज्ञांनी समजावलं की वयाबरोबर डोळ्याचं भिंग आधी पिवळं पडत जातं, मग तपकिरी होतं. हे इतकं सावकाश होतं की मेंदू रोज थोडं जुळवून घेतो आणि माणसाला पत्ता लागत नाही. पिवळी काच लाल-पिवळा उजेड आत सोडते, निळा अडवते. घरी येऊन मी फळ्यांसमोर बसले आणि सगळं एकेक करून जागेवर बसलं. निळी फळी आधीच थोडा उजेड परत देते, आणि देते त्यातला बहुतेक निळा. तो आईपर्यंत पोचतच नव्हता. उरला काळा. फिकी पिवळी फळी पांढऱ्यापेक्षा वेगळी कशात, तर ती निळा उजेड थोडा कमी परत देते. ज्या डोळ्यात निळा जातच नाही त्याला हा फरक कुठून दिसणार? उरला पांढरा.

एक काळा, एक पांढरा. तिने पहिल्या दिवशी जे दिसलं ते नेमकं सांगितलं होतं. आणि मी महिनाभर तिच्याशी आवडीनिवडीवर वाद घालत होते. या गोष्टीचं मला आजही फार वाईट वाटतं.

क्लोद मोने या चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं. त्याआधीच्या त्याच्या कॅनव्हासवर लाल आणि तपकिरी दाटले होते, आणि ऑपरेशननंतर त्याची तक्रार सुरू झाली की सगळं फार निळं दिसतंय. रंगावर आयुष्य काढलेल्या माणसाला स्वतःचा डोळा असा चकवू शकतो, तर दोरा ओवणाऱ्या माझ्या आईने काय करावं?

ऑपरेशनची तारीख लांबची होती. मधल्या काळात मी निळा सोडून दिला. अगदी मनापासून. म्हातारपणी बाहुलीही लहान होते, डोळ्यात उजेड कमी शिरतो, त्यामुळे ज्या खोलीत आई दिवसभर बसते तिथल्या भिंतींनी उजेड परत दिलाच पाहिजे. शंभरातले चौसष्ट. खिडकी असलेल्या भिंतीला तर गडद रंग तसाही नको, कारण काळोख्या चौकटीतून येणारा उजेड डोळ्यांत खुपतो. हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुझा निळा राहिला ना पण?" मी म्हटलं, राहू दे.

डावा डोळा आधी झाला. चार दिवसांनी, सकाळच्या उजेडात, ती काळा चश्मा काढून मधल्या खोलीत आली आणि दारातच थांबली.

"ही कधी आणलीस?"

"कुठली?"

"ही निळी."

मी काही बोलले नाही. ती पुढे गेली, फळीवर तळवा ठेवला, काढला, परत ठेवला. मग उजव्या, अजून न झालेल्या डोळ्यावर हात धरून पाहिलं. मग शेडकार्ड उचललं आणि डाव्या डोळ्याला स्पर्श न करता त्यापुढे आडवं धरलं. "आता काळी." कार्ड बाजूला. "निळी." परत आडवं. "गेली बघ. पार गेली." असं तिने किती वेळा केलं कोण जाणे. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पिवळ्या फळीसमोर तोच खेळ. "अगं, ही पांढरी नाहीच. तू मला सांगितलं का नाहीस?"

मी सांगितलं होतं. पण ते सांगणं आणि हे दिसणं यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

आता तिला निळा हवा आहे. चारी भिंतींना. मी उजेडाचं पालुपद लावलं, ती म्हणाली, उजेड मला आता भरपूर दिसतो, तू बघ तुझं. शेवटी पेंटरदादांना मी खिडकीची भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती, अशा तीन पिवळ्या करायला सांगितल्या. चौथी, तिच्या खुर्चीसमोरची, प्रायमरवरच ठेवली आहे. उजवा डोळा पुढच्या महिन्यात आहे. तो झाला की दोन्ही डोळ्यांनी बघून त्या भिंतीचं तीच ठरवेल.

काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून हात पुसत आले तर ती अंधारात बसलेली. मी सवयीने बटणाकडे हात नेला.

"थांब, दिवा नको लावूस," ती म्हणाली. उजव्या डोळ्यावर तळवा होता. "उशी आत्ता गेली. फळी अजून आहे."

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.